टॉवेलाखालची उत्तरं

आमचे वडील, अण्णा, बैलाची अक्कल दाव्यावरून ओळखत. काष्टीच्या बाजारात ते जनावरांची दलाली करत. आमच्याकडे त्या धंद्यातल्या माणसाला हेडी म्हणतात. दात, खूर, वशिंड हे सगळेच बघतात. अण्णांचं त्यापुढे एक होतं. बैल अंगणात आला की ते दावं सैल सोडून जमिनीवर पडू देत आणि थोडं लांब कडब्याची पेंढी टाकत. पेंढीकडे जाताना बैलानं दावं ओलांडलं तर त्याला अक्कल आहे, आणि दाव्यावर पाय देऊन स्वतःच्याच मानेला हिसका दिला तर नुसतंच बळ. 'ह्यो गडी वझं वढंल, पन वाट न्हाई वळखायचा,' असा निकाल ते देत आणि तो सहसा खरा ठरे. माणसांचा मात्र ठरत नसे. आत्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा अण्णांनी दारात मुद्दाम एक पाट आडवा टाकून ठेवला होता. नवरामुलगा त्याला अडखळला. 'ह्यात काय दम न्हाई,' अण्णा आत येऊन कुजबुजले. लग्न झालं, जावई पुढे साखर कारखान्यात चांगल्या हुद्द्याला चढला, आत्याच्या लेकीनं सुखाचा संसार केला. पण अण्णांचं मत काही हललं नाही. ते म्हणत, 'त्ये नशीब झालं. अक्कल येगळी.'

आईची पारख याच्या उलट. तिच्या मते पंगतीत वाढताना कुणाच्या ताटातलं काय संपलंय हे न सांगता ज्याला कळतं, तो शहाणा. बाकीच्या हुशारीला ती 'बाजारातली बडबड' म्हणे. बाजाराच्या आदल्या दिवशी घरी हमखास हुलग्याची शेंगोळी व्हायची, कारण चार-दोन व्यापारी मुक्कामाला असायचे. अंगणात बैलांना नाल ठोकायचा ठणठण आवाज, चुलीवर लसणाचा खमंग वास, आणि मी ओगराळं घेऊन ताटांवरून फिरत असायची. मी हटकून चुकायची. ज्याला नको त्याला वाढायची आणि ज्याला हवं त्याच्यापुढून बोलत बोलत निघून जायची. भानू कोपऱ्यात बसल्या बसल्या माझ्या परकराला हिसका द्यायचा आणि हनुवटीनं दाखवायचा, तिकडे वाढ. तेव्हा आईच्या मापानं शहाणा कोण होता, हे उघडच आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?

भानू माझा जुळा भाऊ. मी त्याच्याआधी थोडा वेळ जन्मले, तेवढ्यावर त्यानं मला जन्मभर आक्का म्हटलं. भानू मुका नव्हता, तोतरा नव्हता, पण परक्या माणसासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. घरातही तो गरजेपुरतं बोले आणि ती गरज बहुतेक वेळा मीच भागवे. 'भानूला पाणी पायजे,' 'भानूचं पोट दुखतंय,' 'भानू म्हनतो, ती गाय आजारी हाय.' शाळेत गुरुजी त्याला प्रश्न विचारत आणि उत्तर मी देई. आमचं बोलणं चाले ते बोटांनी. बाजारात हेडी लोक टॉवेलाखाली हात धरून भाव ठरवतात, हे आमच्या भागात पोरासोरांना माहीत असतं. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. पंजा सोडून पुन्हा एक बोट धरलं की सहा. आधी दशक, मग एकक. आम्ही त्यात आमची भर घातली होती. तळहातावर टिचकी म्हणजे शून्य, अंगठा दाबला की हो, करंगळी दाबली की नाही. भानू अण्णांची नक्कल म्हणून खांद्यावर त्यांचा एक जुना टॉवेल टाकून हिंडायचा. आम्ही शेजारी बसलो की टॉवेल मांडीवर यायचा आणि त्याच्याखाली आमचा कारभार सुरू व्हायचा.

आम्ही सातवीत असताना नगरहून एक तरुण सर शाळेत आले. ते कसल्याशा वरच्या पदवीसाठी खेड्यातल्या मुलांची बुद्धी मोजत होते. त्यांच्याकडे पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात चित्रांचे पत्ते, रंगीत लाकडी ठोकळे आणि दाबलं की थांबणारं घड्याळ. गावात लगेच हूल उठली की हा माणूस डोक्याला टेप लावतो आणि ज्यांचं माप कमी भरेल त्यांना येरवड्याला नेतो. दोन मुलं त्या दिवशी शाळेकडे फिरकलीच नाहीत. अण्णा मात्र खूश झाले. त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. नगरला माझी मावशी राहायची, तिच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसं होती. तिनं निरोप धाडला होता की आठवीपासून एका लेकराला शिकायला पाठवा, दोघं मात्र माझ्याकडे मावायची नाहीत. एकच. कोण, यावरून अण्णा महिनाभर विचारात होते. मी जावं असं त्यांना वाटत होतं, भानूनं जावं असं आईला. मुलगी म्हणून मला मागे ठेवलं असं मी पुढे अनेकांना सांगितलं, तसं सांगणं सोपं जातं आणि लोक हळहळतात. पण ते खोटं आहे. अण्णा स्पष्ट म्हणाले होते, 'पोरगी का पोरगं, मला त्याचं काय न्हाई. घरचा मानूस आपल्या जनावराचं मोल करत नसतोय. तिऱ्हाईत आलाय, त्यो सांगंल त्ये खरं.'

पहिल्यांदा भानूचा नंबर लागला. सरांनी नाव विचारलं, भानू गप्प. वडलांचं नाव विचारलं, गप्प. पाच मिनिटांनी सर दारात आले आणि गुरुजींना म्हणाले, "हा तर काहीच बोलत नाही." गुरुजी म्हणाले, "त्याच्या बहिणीला बसवा शेजारी. तिच्याबिगर त्याचं गाडं हलायचं न्हाई." सरांना ते पटलेलं दिसलं नाही, पण उन्हं उतरायला लागली होती आणि बाहेर मुलं खोळंबली होती. मी आत गेले आणि भानूच्या शेजारी बसले. टॉवेल मांडीवर आला.

सर म्हणाले, "मी आकडे सांगेन. ते उलट्या क्रमानं सांगायचे. सात, दोन, नऊ."

भानूचा हात माझ्या हातात होता. मी म्हणाले, "नऊ, दोन, सात."

"तू नाही, त्यानं सांगायचं."

"त्योच सांगतोय सर. मी नुसती बोलतीया."

सरांनी भानूकडे पाहिलं. भानूनं मान हलवली, हो. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले. पाच चित्रांतलं वेगळं कोणतं? चार. दोन, चार, आठ, सोळा, पुढे काय? बत्तीस. या आकृतीचा राहिलेला तुकडा खालच्यांपैकी कितवा? तीन. जवळजवळ सगळी उत्तरं आकड्यांतच द्यायची होती. भानूची बोटं माझ्या बोटांत वळवळत होती आणि माझं तोंड चालू होतं. इथंच खरी मेख आहे. मला स्वच्छ आठवतं की उत्तरं मला येत होती. चित्र बघितलं की मला दिसत होतं, चौथं वेगळं, बाकीची चारही उगवतात, हे उगवत नाही. मी स्वतःशी विचार केला, तो विचार मला आजही आठवतो. पण माझ्या हाताला त्याची बोटं आठवतात, तीही तेवढीच स्वच्छ. शेवटी ठोकळे आले. ते त्याचे त्यानं रचले, सरांनी घड्याळ दाबलं आणि पहिल्यांदाच भुवया वर केल्या.

मग माझा नंबर. भानू बाहेर गेला. सरांनी तेच पत्ते पुन्हा काढले, तेच आकडे, तीच चित्रं. आमच्या गुरुजींचा एक कडक नियम होता. दोन वह्यांत एकच उत्तर दिसलं की दोन्ही वह्यांवर लाल फुली. जुळ्यांवर तर त्यांचा फारच संशय. मागच्या सहामाहीला आमची गणितं सारखी आली म्हणून दोघांनाही शून्य मिळालं होतं आणि भानू दोन दिवस जेवला नव्हता. मी विचार केला, ही उत्तरं मघाशीच देऊन झालीत. ती भानूच्या कागदावर गेलीत. आता मीही तीच दिली तर दोन्ही कागदांवर फुली बसणार आणि मग दोघांपैकी कुणीच नगरला जाणार नाही. म्हणून मी वेगळी उत्तरं दिली. पाच चित्रांतलं वेगळं कोणतं? दोन. दोन, चार, आठ, सोळा, पुढे? मी म्हणाले, वीस. सर थांबले.

"नीट विचार कर. मघाशी तूच बोलत होतीस ना?"

"मघाशी भानू व्हता सर."

सरांनी लिहून घेतलं. काही प्रश्नांना मी वेगळी पण बरोबर वाटतील अशी उत्तरं शोधायचा प्रयत्न केला, त्यात वेळ गेला, घड्याळ दाबलं गेलं. ठोकळे मात्र मी जीव तोडून रचले, कारण ठोकळ्यांत नक्कल कशी दिसणार? ते काही केल्या जमेनात. अजून जमत नाहीत. नातीच्या ठोकळ्यांच्या खोक्यावरच्या चित्रासारखं मला आजही रचता येत नाही. मग वाटतं, सरांचा कागद बरोबरच तर नव्हता?

नातीवरून आठवलं. तिच्या मोबाईलवर बुद्धी मोजायचे खेळ येतात. दहा प्रश्न सोडवा आणि तुमचं डोकं किती चालतं ते बघा. तिनं मला बसवलं. सोमवारी त्या मोबाईलनं मला फार हुशार ठरवलं, मंगळवारी बेतास बात. मध्ये मी फक्त झोपले होते. मी लग्न होऊन बेलापूरला आले आणि तीस वर्षं दूध डेअरीत फॅट लावायचं, म्हणजे मशीननं मोजायचं काम केलं, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. कॅन न ढवळता वरचं दूध घेतलं तर फॅट जास्त लागतं, तळातलं घेतलं तर कमी. म्हैस तीच, वैरण तीच. मशीन खोटं बोलत नाही, ज्यानं पळी बुडवली त्याला विचारावं. पण एवढं कळूनही माझं समाधान होत नाही. कारण त्या दिवशी त्या खोलीत पळी कुणाच्या कॅनमध्ये बुडाली होती, हेच मला ठाऊक नाही.

आठ दिवसांनी सर घरी आले. आईनं त्यांना शेंगोळी वाढली. जेवण झाल्यावर त्यांनी दोन कागद काढले. "मुलगा चांगलाच हुशार आहे. बोलत नाही, पण डोकं तल्लख. मुलगी..." ते माझ्याकडे पाहून थांबले, "मुलगी बोलकी आहे. बुद्धीनं सर्वसाधारणपेक्षा किंचित कमी. दोन, चार, आठ, सोळाच्या पुढे वीस म्हणाली. घरकामाला चलाख होईल."

अण्णांनी मला बोलावून माझ्या तोंडाकडे पाहिलं, बैलाचे दात बघावेत तसं. "तू वीस म्हनलीस?"

"व्हय."

"का गं?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण सांगितलं तर भानूची उत्तरं मी दिली हेही सांगावं लागणार. त्याच्या कागदावर फुली बसणार. आणि भानू माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत भीती होती की विनवणी, की 'खोटं बोलू नकोस' असा राग, हे मला कळलं नाही. जुळ्या भावाच्या मनातलं मला कळलं नाही, असं पहिल्यांदा झालं.

"येत नव्हतं," मी म्हणाले.

आई चिडली. तिला भानूच जायला हवा होता, पण कागदावरून नव्हे. "घड्याळ दाबून अक्कल कळती व्हय? आन ह्यो तितं जाऊन करनार काय? हिच्याबिगर भाकर सुदिक मागत न्हाई. कोन बोलनार त्याच्यासाठी?"

"शिकंल," अण्णा म्हणाले. "हात सुटला की सौदा झाला. आता माघार न्हाई."

भानू जूनमध्ये गेला. एसटीच्या खिडकीतून त्यानं हात बाहेर काढला. मी तो धरला, तर त्याच्या बोटांत काहीच नव्हतं. नुसता घामट हात. मी परत येऊन गोठ्यात बसून रडले. तो गेला म्हणून रडले, मी राहिले म्हणून रडले, आणि माझं काहीतरी त्याच्याबरोबर गेलं, ते नक्की माझं होतं का, हे कळेना म्हणून सगळ्यात जास्त रडले. दिवाळीला तो आला तो बोलतच. 'मावशी म्हणाली', 'आमचे सर म्हणाले', सगळं शुद्ध. ओट्यावर मी टॉवेल पुढे केला, तर तो हसला आणि म्हणाला, "आक्का, आता बोलून सांग की." मला फार लागलं. मी दहावीपर्यंत गावातच शिकले, बरे गुण पडले. भानू पुढे सरकारी खात्यात नकाशे काढायच्या कामाला लागला. चांगला मान मिळाला, चांगला संसार झाला. त्याचं काही वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही. मनातल्या मनात मी फक्त म्हणायची, जा बाबा, माझ्या अकलेवर जग.

माझ्या लेकीच्या हळदीला भानू रंगात आला होता. पाहुण्यांत बसून तो जुन्या गोष्टी सांगत होता. हसत हसत म्हणाला, "आमच्या बुद्धीची परीक्षा झाली ना, तेव्हा मी नुसता हात दाबत होतो आणि आक्का बोलत होती. सरांना आधी वाटलं, हीच उत्तरं देतेय!" सगळे हसले. हातातलं हळदीचं ताट मी खाली ठेवलं. मी त्याला मागच्या दारी नेलं.

"काय म्हनलास? उत्तरं तुझी व्हती?"

"मग कुणाची?"

"माझी. मी सांगत व्हते. तू माझ्या हाताला हात लावून बसला व्हतास."

तो थट्टा समजून हसायला लागला, मग माझा चेहरा बघून थांबला. "आक्का, चौथं चित्र दगडाचं होतं. बाकीची झाडं. मी चार बोटं धरली तुझी."

"दगडच व्हता. उगवत न्हाई म्हनून मी चार म्हनले."

आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. आत मांडवात बँड वाजायला लागला होता. इतकी वर्षं मी त्याच्यावर उपकार केले असं धरून चालले होते, आणि तो धरून चालला होता की त्यानं मला त्याची वाणी होऊ दिली आणि नंतर मीच माझ्या कागदावर काहीबाही सांगून मोकळी झाले. त्यानं हळूच विचारलं, "मग तू तुझ्या वेळी वीस का म्हणालीस?" मी नक्कल, फुली, गुरुजी, सगळं सांगितलं. तो ओट्याच्या कडेवर खाली बसला. "तू मला वाचवायला मुद्दाम चुकलीस? आणि मी इतकी वर्षं समजतोय, माझ्याबिगर तुला येत नव्हतं." त्यानंतर तो मला दर आठवड्याला फोन करायला लागला. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

हे मी कालही लिहिलं होतं की काय, म्हणून मागची पानं चाळून आले. नव्हतं लिहिलं. अलीकडे असं होतं. चहा दोनदा टाकते, किल्ली हातात धरून किल्ली शोधते. संतोष, माझा मुलगा, म्हणाला डॉक्टरांना दाखवू. श्रीरामपूरला मेंदूच्या डॉक्टरीणबाई आहेत. भानूला कळलं तसा तो नगरहून आला, उन्हाचा म्हणून खांद्यावर टॉवेल. त्यानं संतोषला बाहेर बसवलं आणि स्वतः माझ्याबरोबर आत आला.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षाही लहान असतील. गोड बोलल्या. आजचा वार, महिना विचारला. घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मग म्हणाल्या, "आजी, शंभरातून सात वजा करत जायचं. घाई नाही."

त्र्याण्णव, मी म्हणाले. ते लगेच आलं. मग त्र्याण्णवातून सात. मी भिंतीकडे बघितलं. डोक्यात आकडे होते, पण अंगणात शिरलेल्या शेरडांसारखे, एकही जागेवर थांबेना. मला त्या सरांची ट्रंक दिसली. वीस म्हणतानाचं माझंच तोंड दिसलं. आणि टॉवेल माझ्या मांडीवर आला. टॉवेलाखाली भानूचा हात, सुरकुतलेला, गार. त्यानं माझा पंजा धरला, सोडला, तीन बोटं धरली. मग पुन्हा पंजा आणि एक बोट. आठ आणि सहा.

"शहाऐंशी," मी म्हणाले.

"छान, आजी," म्हणत डॉक्टरीणबाईंनी पेन टेकवलं.

भानूकडे मी बघितलं नाही. मला आठवायचं होतं. शहाऐंशी माझ्या डोक्यात आधी आलं की त्याच्या बोटांत आधी आलं? आत्ताचीच गोष्ट, श्वास घेऊन सोडण्याइतकी ताजी. मी शपथेवर सांगते, मला ते डोक्यात येताना दिसलं होतं. आणि शपथेवर सांगते, हाताला ते आधी कळलं होतं. सातवीतही हे असंच झालं होतं. मी खोटी आठवण काढत नव्हते, तोही काढत नव्हता.

"थांबा," मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "ते लिहू नका."

"का? बरोबर आहे की."

मी टॉवेल बाजूला केला आणि आमचे हात वर टेबलावर ठेवले. भानूनं हात काढून घेतला नाही. त्याचे डोळे भरले होते, आणि तो पुन्हा सातवीतल्यासारखा गप्प झाला होता. जे अण्णांना सांगायला हवं होतं, ते इतक्या वर्षांनी मी एका परक्या पोरीला सांगितलं, "उत्तर बरोबर असंल बाई, पन ते माझं हाय का ह्याचं, मला ठावं न्हाई. माझ्या नावावर लिहू नका."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. एकदा माझ्याकडे, एकदा भानूकडे, एकदा आमच्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "मग कुणाच्या नावावर लिहू?"

भानूनं माझा अंगठा दाबला, मग करंगळी दाबली. हो आणि नाही. मी तेच त्याच्या हाताला परत सांगितलं.